उसना गंध

संवेदना संस्थेच्या प्रयोगशाळेत ओव्हन आणायला डॉ. उल्का धारप यांना बरेच झगडावे लागले. बिस्किटे भाजायला सरकार पैसा देत नाही, असे खरेदी विभागाचे म्हणणे. शेवटी ओव्हनचे नाव ‘उष्णताकक्ष’ ठेवले, तेव्हा तो लगेच मंजूर झाला.

आज त्या उष्णताकक्षासमोर मृदुला सबनीस मैदा चाळत होती. ती उल्काची वसतिगृहापासूनची मैत्रीण. गेल्या वर्षीच्या तापात तिला वास येणे बंद झाले. वासाबरोबर चव गेली, चवीबरोबर भूक, आणि बाई अर्धी झाली. औषध घ्यावे तसे घास गिळायची. एक जरी आवडता वास परत आला तरी भुकेची वाट मोकळी होईल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. कुठला वास हवा, यावर मृदुलाने क्षणभरही विचार केला नाही. दर हिवाळ्यात दोघी मिळून दालचिनी-साखरेच्या कुकीज करत, त्यांचा.

उपाय होता गंधरोपण. तिचे नाक शाबूत होते. नष्ट झाले होते ते मेंदूतले गंधठसे, म्हणजे कुठला वास कशाचा हे ओळखणाऱ्या पेशींच्या जुळण्या. दुसऱ्याच्या मेंदूतला ठसा नोंदवून तो तिच्या मेंदूत उमटवायचा होता.

उल्काने मात्र माझ्याऐवजी दाता दुसरा शोधा, असा धोशा लावला होता. तिचे सहकारी डॉ. फरीद इनामदार यांना ते पटेना. इतकी वर्षे एकाच ओव्हनपुढे उभ्या राहिलेल्या मैत्रिणीपेक्षा जुळणारा ठसा आणायचा कुठून?

“ठसा जुळेल हो,” उल्का म्हणाली. “त्याच्याबरोबर जे येईल, त्याचं काय?”

मग फरीदने मृदुलाला नीट समजावले. “दिसलेलं, ऐकलेलं आधी मेंदूच्या देवडीवर थांबतं, मग आत जातं. वास थांबत नाही, थेट भावनांच्या खोलीत शिरतो. म्हणून वास आणि त्याची भावना वेगळी काढता येत नाही. उल्काताईंना हा वास घेताना जे वाटतं, तेच तुम्हाला वाटेल. आणि एकदा उमटलेला ठसा पुसता येत नाही.”

“मग बरंच की,” मृदुला म्हणाली. “तिला काय वाईट वाटणार आहे?”

उल्काने लोण्याचे भांडे पुढे ओढले.

दोघींनी लोणी-साखर फेसली, मैदा मिसळला, गोळे दालचिनीच्या साखरेत घोळवले. मृदुलाचे गोळे नेहमीप्रमाणे लहानमोठे झाले आणि उल्काने नेहमीप्रमाणे तिला त्यावरून टोचले. मग एकीच्या डोक्यावर नोंदटोप चढला, दुसरीच्या डोक्यावर रोपणटोप. ओव्हनचे दार उघडताच फरीदने कळ दाबली.

मृदुलाचा चेहरा उजळला. वास आला होता, अगदी तोच. पाठोपाठ तिला इतके मळमळले की तिने टेबलाची कड धरली.

“उल्के, तुला दालचिनी आवडत नाही?”

“कधीच नाही.”

वसतिगृहातल्या पहिल्या कुकीला उल्काने भिडेखातर छान म्हटले होते. मृदुला इतकी हरखली की खरे सांगायचे राहून गेले, आणि पुढे सांगण्याची वेळच निघून गेली. अगदी आजही तिची जीभ रेटली नव्हती. फरीद कपाळाला हात लावून बसला. मृदुलाचा सर्वांत लाडका वास त्यांनी जन्मभरासाठी नासवला होता.

मृदुला मात्र डोळे मिटून उभी होती. मळमळीच्या खाली आणखी काहीतरी होते. उबदार, थोडे काळजीचे, कुणाचे तरी हसू मावळू नये म्हणून जपणारे. ही माया कुणाबद्दलची, हे ओळखायला तिला वेळ लागला. दुसरा आपल्याला किती आवडतो हे माणसाला कळते. आपण दुसऱ्याला किती आवडतो हे आतून कुणालाच कळत नाही. तिला ते कळले, आणि ती सरळ रडायला लागली.

मग डोळे पुसून तिने हात पुढे केला. “दे एक.”

“अगं, उलटी होईल.”

“तुला झाली का इतक्या वर्षांत?”

त्या कुकीज आता दोघींनाही आवडत नव्हत्या. ताट मात्र दोघींनीच संपवले, फरीदच्या वाट्याला एकही आली नाही.