नजर सांगायची कशी?

"पाचवा मजला हाच का हो?" जिन्यात भेटलेल्या माणसाने विचारलं. मी घाईत होते. समोरच्या पाटीकडे बोट दाखवत म्हटलं, "ते काय, लिहिलंय की एवढं मोठं!"

तो हसला. "बोट दाखवलंत ना? बाही सळसळली तुमची. मला दिसत नाही हो."

तेव्हा कुठे मला त्याच्या हातातली पांढरी काठी दिसली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. कारण माझं कामच मुळी दृष्टिहीनांना सिनेमा सांगण्याचं! दोन संवादांच्या मधल्या जागेत, पडद्यावर जे दिसतं तेवढंच सांगायचं, मनाचं काही घालायचं नाही. आणि हा आमच्या स्टुडिओतला नवा तपासनीस निघाला. माझं वर्णन ऐकून कुठे काही कळत नाही, ते त्याने सांगायचं.

सिनेमा होता जुना, गाजलेला हेरपट. तीन आठवडे आम्ही दोघं त्या बंद खोलीत तो पुन्हापुन्हा ऐकत होतो.

"कसा वाटला?" मी एकदा विचारलं.

"पहिल्या अर्ध्या तासाला तोड नाही. नुसत्या पावलांच्या आवाजाने अंगावर काटा येतो. पण पुढे ते कारस्थान! मंत्री त्यात, पोलीस त्यात, न्हावीसुद्धा त्यात. अहो, एवढ्या लोकांच्या पोटात गुपित राहतं होय? आमच्या एकट्या आत्याला सांगा, संध्याकाळपर्यंत गल्लीभर होतं."

"आणि नायिका?"

"बिचारी! दार उघडते, रडते, दार लावते..."

मी हसले, आणि हसताहसता त्याच्याकडे बघतच राहिले. मान जराशी कलती करून ऐकायचा तो. मला तो आवडला होता, पुरता आवडला होता. आणि सोमवारी तो दुसऱ्या शहरातल्या शाळेत शिकवायला जाणार होता – कायमचा. त्याआधी मी बोलले नाही, तर त्याला हे कधीच कळणार नव्हतं.

शुक्रवारी शेवटचं दृश्य आलं. बंदर, धुकं, बोटीवर ती, धक्क्यावर तो हेर. मी माईकसमोर वाचलं, "तो तिच्याकडे बघतो. बोट सुटते."

तपासनीसाने हात वर केला. "मग?"

"मग काही नाही. संपला."

"त्याचं प्रेम आहे तिच्यावर?"

"आहे की!"

"कधी म्हणाला?"

"म्हणत नाही... नुसता बघतो. त्या नजरेचं केवढं कौतुक झालंय! सिनेमाची खरी ताकद तीच, म्हणतात."

"बघणाऱ्यांसाठी असेल," तो शांतपणे म्हणाला. "मला ऐकू आलं ते एवढंच – एक माणूस गप्प राहिला आणि एक बाई निघून गेली. कारस्थान सगळं बडबडून सांगतात, आणि नेमकं हे तेवढं गिळून टाकतात. मोठा दोष आहे हा."

मला ते वाक्य पुन्हा वाचवेना. त्या हेराचं एक वेळ चालून गेलं. समोरची बाई त्याच्याकडे बघत तरी होती. मी मात्र तीन आठवडे अशा माणसाकडे बघत होते, की त्यातलं काहीएक त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. मी माईक बंद केला.

"मी... तुमच्याकडे बघते," मी म्हणाले. "रोज. तुम्ही ऐकत असता तेव्हा. आत्ताही बघतेय."

"कशी?"

दिसतं तेवढंच सांगायचं, हा नियम आयुष्यात पहिल्यांदा मोडला मी.

"प्रेमाने," मी म्हणाले.

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि मी तो धरला.

"मीसुद्धा," तो हळूच म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासून... मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल."