उंबरठ्याच्या अलीकडे

चेंडू आला तेव्हा माझ्या हातात ओल्या चादरींचा गठ्ठा होता.

आमच्या बेघरांच्या निवाऱ्याच्या गच्चीवर रोज साठ चादरी वाळत घालाव्या लागतात, आणि ते काम माझं. खालच्या मोकळ्या पार्किंगमधून काहीतरी सणसणत वर आलं. मी गठ्ठा काखेत दाबला आणि मोकळ्या हाताने ते झेललं. कसं झेललं, देव जाणे. चादरी पुन्हा धुवायच्या नव्हत्या, म्हणून असेल.

खाली एक उंच, सडपातळ तरुण गळ्यात शिट्टी अडकवून तोंड वासून उभा होता.

"ओ बाई… एका हाताने?"

"दुसरा रिकामा नव्हता."

"टाकता का परत?"

"आधी सॉरी म्हणा. चादरींना."

त्याने खरोखर मान वाकवून चादरींना सॉरी म्हटलं, तेही इतक्या गंभीर चेहऱ्याने की मला हसू दाबता येईना. मी चेंडू टाकला तो नेमका त्याच्या डोक्यावर. मुद्दाम नाही हं… बहुतेक.

अर्ध्या तासात तो कोच बाईंना घेऊन गच्चीवर हजर! बेघर माणसांची फुटबॉल स्पर्धा असते, हे मला तेव्हा कळलं. एका संघात चौघं, बायका-पुरुष एकत्र.

"गोलकीपर हवी आहे. येतेस?" कोच बाई म्हणाल्या.

"मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? काही आत येऊ द्यायचं नाही, एवढंच."

तेवढं मला जमण्यासारखं होतं. वडील गेले, तशी त्यांची कंपनीची खोलीही गेली. भाऊ सासुरवाडीला राहायला गेला, तिथे मला जागा नव्हती. तेव्हापासून आठ महिने निवाऱ्यातली बावीस नंबरची खाट हाच माझा मुक्काम. खाटेच्या कुणी फार जवळ आलं की मी कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची.

पहिल्याच दिवशी कोच बाईंनी नियम सांगितला. निवडलेला संघ दुसऱ्या देशात खेळायला जातो. जन्मात एकदाच जाता येतं. आणि विमानात बसेपर्यंत कुणाला राहायला घर मिळालं, तर त्याचं नाव कटतं आणि जागा दुसऱ्या बेघराला मिळते. आम्ही सगळे खो खो हसलो. घर मिळण्याची भीती घालणारी ही आयुष्यातली पहिलीच बाई!

तो उंच तरुण आमचा रेफरी. सगळे त्याला शिट्टीच म्हणायचे. तीन वर्षं पुलाखाली काढलेला हा माणूस गेल्या वर्षी ती स्पर्धा खेळून आला होता आणि आता खेळाच्या सामानाच्या गोदामात नोकरीला होता.

"तिथे एका म्हाताऱ्याने माझी सही मागितली," एकदा सराव संपल्यावर तो सांगत होता. "मी घाबरलो. म्हटलं, मी काय केलंय? तोवर माझी सही फक्त पोलीस चौकीत लागायची हो. पण त्याला आठवण म्हणून हवी होती… माझी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपणही कुणीतरी आहोत."

तो हसत होता, पण बोटं शिट्टीच्या दोरीला पीळ देत होती. मी त्या बोटांकडे बघत राहिले. तिथेच माझा पाय घसरला, आणि गोलकीपरचा पाय घसरला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मला ती स्पर्धा हवी होती. फार हवी होती. कुठल्यातरी अनोळखी म्हाताऱ्याने माझीही सही मागावी, असं मला वाटायला लागलं होतं. आणि मला तोही हवा होता. इथवर सगळं सरळ होतं. घोळ पुढेच झाला.

कारण त्याचं वागणंच कळेना. माझे हातमोजे फाटले, तर दुसऱ्या दिवशी दुहेरी टाक्यांनी शिवून आणले. घालताना माझं मनगट जरा… जास्तच वेळ धरलं. मी वर बघितलं, की तो लगेच आभाळाकडे बघायला लागला. आणि मग ते प्रश्न!

"तुम्हाला खिडकी सकाळच्या उन्हाची आवडते, की संध्याकाळच्या?"

"मला खिडकी आवडते. का?"

"काही नाही… सहज."

दोन दिवसांनी तो टेप घेऊन आला.

"स्वयंपाकाचा ओटा किती उंच लागतो हो… म्हणजे साधारण बाईला?"

"साधारण बाई म्हणजे कोण?"

"म्हणजे… तुमच्याएवढी." आणि जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंत माप घेऊन, कान लाल करून तो निघून गेला.

मी आक्कांना विचारलं. आक्का म्हणजे तेवीस नंबरची खाट. तीन जावई बघितलेली बाई.

"अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला?" आक्का म्हणाल्या. "घर मांडतोय तो. लग्न ठरलंय त्याचं! बायको तुझ्या चणीची असेल, म्हणून तुझं माप घेतोय."

लग्न ठरलंय, तर मग मनगट कशाला धरायचं? आणि ठरलेलं नाही, तर ओटा कुणासाठी? मी उत्तर काढायला गेले की नवाच प्रश्न निघायचा. शेवटी ठरवलं, स्पष्ट बोलून टाकायचं. एक घाव दोन तुकडे.

दिवसही मी असा निवडला की विचारू नका. संघनिवडीच्या सामन्याचा! बारीक पाऊस भुरभुरत होता. मी त्याला बाजूला गाठलं.

"मला एक सांगायचंय. मला तुम्ही—"

फुर्रर्र! त्याने शिट्टी तोंडात घालून जिवाच्या आकांताने फुंकली. सगळं मैदान वळून आमच्याकडे बघायला लागलं.

"फाउल कुणाचा?" मी थिजून विचारलं.

"आत्ता नको… तुमच्या पाया पडतो, आजच्या दिवस काही बोलू नका." आणि पाठ फिरवून तो चालू लागला.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिले दोन गोल माझ्या पायांमधून गेले, अगदी निवांत, गाईम्हशी घरी परतल्यासारखे.

"मन कुठे ठेवून आलीस?" कोच बाई ओरडल्या. काय सांगणार? मन समोरच शिट्टी घेऊन धावत होतं.

आमच्या पोरांनी दोन गोल फेडले. अगदी शेवटच्या मिनिटाला चेंडू अडवताना माझा पाय गोलकीपरच्या रेघेबाहेर गेला. इवलासा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. शिट्टी वाजली. आमच्या या खेळात गोलकीपरने रेघ ओलांडली की पेनल्टी; त्याने माझ्याकडे न बघता तसा हात केला.

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओट्याचं माप घेतोस, बोलू देत नाहीस, आणि वर पेनल्टी? समोर बाजारातला हमाल होता, एकेक मांडी खांबाएवढी. त्याने लाथ घातली आणि मी रागाने उजवीकडे झेपावले. चेंडू आधी हातांवर आणि मग नाकावर आदळला, पण आत गेला नाही.

मी चिखलातून मान वर केली, तर आमचे रेफरी पाठमोरे उभे राहून बाहीने डोळे पुसत होते. आता हे काय नवीन?

दुसऱ्या दिवशी यादी लागली. चौथं नाव माझं. मी ते तीनदा वाचलं. मागून आवाज आला, "आता चला. तुम्हाला एक दाखवायचंय."

दोन गल्ल्या सोडून एक इमारत, तिसरा मजला, हिरवं दार. त्याने कुलूप काढलं. छोटी खोली, खिडकीतून सकाळचं ऊन आलेलं, कोपऱ्यात नवा ओटा. मी पाय टाकणार, तेवढ्यात तो दारात हात पसरून आडवा आला.

"आत येऊ नका!"

"का? ती रागावेल?"

"कोण ती?"

"होणारी बायको तुमची!"

तो वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला.

"ती तर दारात उभी आहे," तो हळूच म्हणाला. "म्हणजे… तिला अजून विचारलेलं नाही."

मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं.

"खोली मिळाली त्याच दिवशी विचारणार होतो. पण तुम्ही हो म्हणाला असतात, तर नाव कटलं असतं. काल तुम्ही बोलला असतात ना, तर मला राहवलंच नसतं. तिथेच किल्ली दिली असती. मला जे मिळालं ते तुम्हालाही मिळायला हवं. जन्मात एकदाच मिळतं ते. आज नाव लागलं, म्हणून नुसतं दाखवायला आणलं."

"म्हणजे माझं सगळं तूच ठरवलंस?" 'तू' कधी तोंडातून गेलं, कळलंही नाही. "बाबा गेल्यावर कंपनीने ठरवलं. मग भावाने. आता तू?"

त्याचा चेहरा पडला. "चुकलं. तसं नव्हतं करायला पाहिजे." त्याने खिशातून दुसरी किल्ली काढून उंबरठ्यावर ठेवली. "घर नाही असं तुला उद्या स्पर्धेसाठी लिहून द्यायचंय. ही किल्ली. तू म्हणशील ते."

मी आत बघितलं. दाराला आतून कडी होती. आठ महिने साठ माणसांत झोपलेल्या बाईला आतली कडी काय वाटते, कसं सांगू? काल विचारलं असतं, तर मी फुटबॉल सोडून धावत आत गेले असते… आणि नंतर त्या म्हाताऱ्याची गोष्ट निघाली की दर वेळी मनात जळले असते. माझं प्रेम होतं त्याच्यावर. आणि ते यादीतलं चौथं नावही माझंच होतं. किल्ली उचलू, की नको? मला खरंच कळेना.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. एक काकू बादली घेऊन बाहेर आल्या.

"कोण हो ही? राहायला येणार का इथे?"

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे बघत राहिला.

"येणार," मी म्हणाले. "पण दीड महिन्याने. आधी खेळून येते."

"बरं," काकू बादली खाली ठेवत म्हणाल्या. "पाणी सकाळी सातला येतं, वीस मिनिटंच. लवकर उठायची सवय ठेव."

"ठेवते," मी म्हणाले आणि मला रडूच आवरेना. किल्ली होती तिथेच राहिली. तोच उंबरठा ओलांडून बाहेर माझ्याकडे आला.