कवेचा रविवार

शनिवारी दुपारी हेस्टर पिनॉक वेदीवरच्या मेणबत्त्यांच्या पितळी बैठका घासत होती आणि मनात माणसं मोजत होती. डोरिन येणार, तिचा नवरा गुडघ्याची कुरकुर करत येणार, टपाल कचेरीतल्या दोघी बहिणी एकमेकींशी न बोलता येणार. कशीही मोजली तरी माणसं कमीच भरत होती.

थॉर्लेत चर्चं दोन. एक हे वरच्या थॉर्लेचं, टेकडीवरचं, चौकोनी मनोऱ्याचं. दुसरं खालच्या थॉर्लेचं, ओढ्याकाठच्या कुरणात. त्याच्या आता कंबरेएवढ्या भिंती आणि एक कमान उरली होती, आणि त्या कमानीत मेंढ्या वाऱ्याला पाठ करून बसत. खालचं गाव कधीच गेलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर हेस्टरनं गावाचा इतिहास लिहून काढला होता. ती पातळशी पुस्तिका चर्चच्या दाराशी मधाच्या बाटल्यांशेजारी विकायला असे. मध बरा खपे.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांतला मधला रविवार म्हणजे थॉर्लेत कवेचा रविवार. दुपारची प्रार्थना झाली की सगळ्यांनी बाहेर यायचं, हातमोजे काढायचे, चर्चकडे तोंड करून हातात हात धरायचे आणि अख्ख्या इमारतीला कव घालायची. डोळे मिटायचे. मग दाराशी उभे असलेले पाद्री डावीकडच्याचा हात दाबतात. तो दाब हातोहात मनोऱ्याला वळसा घालून, उत्तरेच्या भिंतीवरून, वेदीमागून फिरत पुन्हा दाराशी पोचला की कव बसली. त्यानंतर चहा आणि मनुक्यांचा केक. गेली दोन वर्षं दाब वाटेतच विरला होता आणि लोकांनी केक मान खाली घालून खाल्ला होता.

या वर्षी मात्र बिशपसाहेबांचे प्रतिनिधी येणार होते. मिस्टर क्रेन. मुळात सभ्य माणूस. चर्च बंद करायची गोष्टसुद्धा चहा पुढे करावा इतक्या गोड आवाजात बोलत. हिवाळ्यातल्या सभेत ते म्हणाले होते, "तुमच्या चर्चला तुम्हाला कवेत घेता आलं, तर बंद करायची शिफारस मी करणार नाही. नाही आलं, तर मात्र तुम्हीच सांगा, हे चर्च नेमकं कुणाचं?"

बंद म्हणजे विक्री. शेजारच्या खेड्यातलं चर्च विकलं गेलं होतं, आणि तिथे आता शहरातले लोक सुट्टीला येऊन राहत. थडग्यांवर फळ्या ठोकून त्यांनी ऐसपैस ओटा केला होता. हेस्टरचा नवरा एडविन इथे उत्तरेच्या भिंतीलगत पुरलेला होता. त्याच्या छातीवर खुर्च्या टाकून कुणी वाइन पीत बसलंय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिला दुसरं कुणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं, आणि भाचा होता तो ख्रिसमसला कार्ड पाठवण्यापुरता.

घंटा वाजवणारा अँब्रोज टफली मनोऱ्यातून खाली आला. पंचक्रोशीतला थट्टेखोर शेतकरी. त्याची तिन्ही मुलं हेस्टरच्या हाताखालून गेली होती.

"बाई, किती घासाल? मिस्टर क्रेनना त्यात तोंड बघायचंय का?"

"अँब्रोज, उद्या ॲग्नेस वाजवायची."

त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. ॲग्नेस ही मनोऱ्यातली सगळ्यात मोठी घंटा, मुळात खालच्या चर्चची. एरवी ती लग्नाला, मर्तिकाला वाजे. कवेच्या रविवारी मात्र तिची दोरी खुंटीला बांधून ठेवत.

"उद्या नको, बाई."

"का नको?"

"का ते कुणाला ठाऊक! आजोबा बांधायचे, बाप बांधायचा, मी बांधतो. उगाच कशाला?"

"ती सगळ्यात लांब ऐकू जाते. पुलापलीकडे नवी घरं झालीत, तिथले लोक येतील. बाकीच्या घंटा तिथवर पोचतसुद्धा नाहीत. खालच्या अंगाला आवाज कसा जातो हे मी या गावच्या पोरांना तीस वर्षं शिकवलंय."

"पोरांना काय येतंय ते माहितेय मला," अँब्रोज म्हणाला. पण बाईंपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. त्यानं दोरी सोडली.

रविवारी ॲग्नेस वाजली. तिचा आवाज जाड होता, पायाखालून यावा तसा. खालच्या कुरणातल्या मेंढ्या एकदम उठल्या आणि कुंपणाकडे सरकल्या. हेस्टर फाटकाशी उभी राहून पुलाकडे बघत होती. नव्या घरांतून कुणीही आलं नाही. एका बाईनं खिडकी लावून घेतली, तेवढीच काय ती हालचाल.

प्रार्थना आटोपली. ज्युडिथ, सहा खेड्यांच्या सहा चर्चमध्ये धावपळ करणारी त्यांची पाद्रीबाई, दाराशी उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला मिस्टर क्रेन. बाकीचे दोन्ही बाजूंनी पांगले आणि हात जितके ताणता येतील तितके ताणून उभे राहिले. हेस्टर उत्तरेच्या भिंतीशी, एडविनच्या शेजारी. तिच्या उजव्या हातात डोरिनचा हात होता. डावीकडे भिंत पुढे जाऊन वेदीच्या मागे वळत होती, आणि त्या वळणापलीकडे अँब्रोज असणार होता. मधे रिकामं गवत. बरंच गवत. तिचा डावा हात हवेत तसाच राहिला.

"चर्चकडे बघा! डोळे मिटा!" पलीकडून ज्युडिथ ओरडली.

हेस्टरनं गार दगडाला कपाळ टेकवलं. संपलं, तिच्या मनात आलं. एडविन, माफ कर.

तेवढ्यात तिच्या डाव्या हातात हात आला.

पहिल्यांदा तिला वाटलं, एडविन. इतकं मनापासून वाटलं की ती त्याचं नाव घेणार होती. पण एडविनचा हात मोठा आणि मऊ होता. बोटांना शाईचे डाग पाडणारा माणूस तो. हा हात लहान होता, घट्टे पडलेला. अंगठ्याला नख नव्हतं. आणि तो ओला होता, आताच चिखलातून काढल्यासारखा.

डोळे उघडायचे नाहीत, हा नियम होता. तिनं तो पाळला. नियमासाठी पाळला असं मात्र तिला नंतर स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नाही.

डोरिननं हात दाबला. चर्चचं काय होणार ते आता हेस्टरच्या एका मुठीत होतं. तिनं डावा हात दाबला. चिखलातला हात क्षणभर थांबला, मग त्यानं दाब ओळखल्यासारखी पकड सैल केली.

"आला!" दाराकडून मिस्टर क्रेनचा आवाज आला, लहान मुलासारखा आनंदलेला. "माझ्यापर्यंत आला!"

टाळ्या झाल्या. हेस्टरनं डोळे उघडले तेव्हा डावीकडे रिकामं गवत होतं. तिच्या तळव्याला पिवळसर चिकणमाती लागली होती. टेकडीवरची माती काळी. पिवळी माती थॉर्लेत एकाच ठिकाणी होती, ओढ्याकाठी.

चहाच्या वेळी मिस्टर क्रेननी केकचे दोन तुकडे खाल्ले आणि चर्च बंद करायची शिफारस करणार नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं. डोरिन रडली. टपाल कचेरीतल्या बहिणी एकमेकींशी बोलल्या. अँब्रोज तेवढा भिंतीशी उभा होता, कपातला चहा तसाच. थोड्या वेळानं तो तिच्याजवळ आला.

"बाई, माझा उजवा हात तुम्ही धरला होतात ना?"

त्याच्या बाहीवर पिवळी माती होती. हेस्टरनं ती पाहिली, आणि पलीकडे हसणाऱ्या मिस्टर क्रेनना पाहिलं.

"हो, मीच," ती म्हणाली. "आणखी कोण असणार?"

"मला वाटलंच," तो म्हणाला आणि मोठा श्वास सोडला. "तुमचे हात पण काय गार आहेत हो!"

तो आठवडा तिचा हातून वस्तू पडण्यात गेला. सोमवारी कप पडला. मंगळवारी बटाटे सोलताना डावा तळवा कुणी तरी हलकेच दाबला, आणि ती सुरी टाकून अंगणात गेली, परत आली, पुन्हा गेली. बुधवारी दुकानात सुटे पैसे घेताना. गुरुवारी झोपेत. दरवेळी दाब यायचा आणि वाट बघितल्यासारखा थांबायचा. घरात तिला बसवेना, चर्चमध्ये बसवेना. ती नुसती चालत राहिली.

तिला सगळं माहीत होतं, हेच तर वाईट होतं. पुस्तिकेसाठी तिनंच शोधून काढलं होतं: कवेच्या रविवारी खालचे लोक वर येऊन हात देत, आणि पुढच्या रविवारी वरचे लोक खाली जाऊन त्यांच्या चर्चला कव घालत. हा भाग तिनं कौतुकानं छापला होता. शेवटच्या वर्षी काय झालं ते मात्र छापलं नव्हतं. खालचे लोक ठरल्याप्रमाणे वर येऊन गेले. त्याच आठवड्यात जमीनदारानं मेंढ्यांसाठी खालचं गाव उठवायचं फर्मान काढलं, आणि पुढच्या रविवारी वरचं कुणीच खाली उतरलं नाही. घाबरले होते बिचारे. खालची घंटा आणायला तेवढे उतरले, तेही गाव रिकामं झाल्यावर. हेस्टरनं लिहिलं होतं, "पुढे खालचं गाव हळूहळू ओस पडलं." वाक्य तिला तेव्हा चांगलं वाटलं होतं.

हेस्टर कुणाकडे चहाला गेली की पुढच्या आठवड्यात त्यांना घरी बोलावायची. कुणाचं येणं तिनं जन्मात कधी अंगावर ठेवलं नव्हतं.

रविवारी सकाळी प्रार्थनेच्या घंटा सुरू झाल्या. चर्चच्या दारापर्यंत जाऊन ती वळली आणि पायवाटेनं ओढ्याकडे उतरू लागली.

कुरणात मेंढ्या नव्हत्या. त्या सगळ्या वरच्या कुंपणाशी दाटीवाटीनं उभ्या होत्या.

गवतावर दव पांढरं पडलं होतं. पडक्या भिंतींभोवती मात्र ते तुडवलं गेलं होतं. हिरवं, ओलं वर्तुळ. चर्चला पूर्ण वळसा घालून आलेलं.

पूर्ण नाही. कमानीच्या बाजूला थोडं दव तसंच पांढरं होतं. एक माणूस उभं राहील एवढं.

डाव्या तळव्यावर दाब आला. या वेळी उजव्यावरही.

टेकडीवर घंटा थांबल्या. हेस्टरनं हातमोजे काढून नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवले आणि त्या मोकळ्या जागेत उभं राहून भिंतीकडे तोंड केलं.