डबलवर पास

ऊर्जानगरच्या क्लबात ब्रिजच्या स्पर्धेला संघप्रियाचा जोडीदार ऐन वेळी आलाच नाही. माजरीच्या खाणीतला सर्वेअर कुलदीपही एकटाच आलेला... सेक्रेटरीने दोघांना जोडीदार म्हणून समोरासमोर बसवून दिलं. त्याच्या बाहीवर कोळशाची धूळ होती, आणि हसू आलं की तो पानांमागे तोंड लपवत होता.

"एक चौकट," कुलदीपने बोली लावली.

"एक इस्पिक," शेजारी बसलेले, विरुद्ध जोडीतले काका म्हणाले.

संघप्रियाकडे बदाम होते, पण दोन बदाम बोलण्याइतकी ताकद हातात नव्हती. ती म्हणाली, "डबल."

कुलदीपने खुशाल पास दिला! काकांनी इस्पिकचा डाव आरामात काढला.

"काऊन पास दिला तुमी?"

"मले वाटलं, काकाले बुडवाचं आहे तुमाले."

"अहो, एवढ्या खाली डबल म्हणजे... बदाम माह्यापाशी आहे, पण मले उघड बोलता येत नाई. तुमी बोला!"

"असं आहे का? आमच्या माजरीत डबल म्हणजे दंडच."

"मंग शिका आता."

"तुमी शिकवत असाल तं... जलमभर शिकतो."

तिचे कान तापले. मग दर शनिवारी त्याची मोटरसायकल माजरीहून यायची. 'तुमी'चं 'तू' झालं, थंडी सरली, क्लबातले कूलर सुरू झाले... पण हा पठ्ठ्या पुढचं काही बोलेल तर शपथ!

एप्रिलातल्या एका शनिवारी संध्याकाळी, क्लबच्या पायरीवर, तिनेच विषय काढला. "रविवारी नागपूरचे पाहुणे येऊन राह्यले... मले पाहाले."

बोल ना रे, एकदा तरी बोल — तिचा जीव टांगणीला लागला होता.

"अच्छा..." तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. "चांगलं आहे. नोकरीवाला असंल पोरगा."

आणि गेला. त्या शनिवारनंतर तो आलाच नाही. पाहुण्यांनी होकार कळवला. तिने नाही म्हणायचं तरी कोणाच्या भरवशावर?

मे महिन्यातल्या स्पर्धेला तो आला. पुन्हा समोरासमोर बसले. त्याची एक चौकट, काकांचं एक इस्पिक, आणि तिचा हात तोच... "डबल."

कुलदीप तिच्याकडे बघतच राहिला. मग सावकाश म्हणाला, "दोन बदाम."

पुढे सगळ्यांचा पास. काका चष्मा पुसत पहिलं पान शोधू लागले.

"प्रिया," तो पुटपुटला, "पायरीवर तू बोलली... तेही असंच होतं का? मले वाटलं, तू मले नाई म्हणून राह्यली."

"असंच होतं."

"मंग... आता?"

"माहं साक्षगंध झालं, कुलदीप." तिने बोटातली अंगठी दाखवली.

काकांनी पान टाकलं. बोली कुलदीपची, म्हणून खेळणार तोच. तिने आपली पानं नियमाप्रमाणे टेबलावर उघडी मांडली, सगळ्यात आधी बदाम. डाव संपेपर्यंत तिने आता एक शब्दही बोलायचा नव्हता. कुलदीपला मात्र समोरची पानं धड दिसत नव्हती. तो डोळे पुसत होता.