पाठमोरा नावाडी

नाव वाळूत रुतली होती आणि नावाडी नदीला शिव्या घालत होता. अर्लिंडानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते असं.

कड्यावरून आईच्या मेंढ्यांच्या वाटेनं ती खाली उतरली होती. सॅन वान नदी त्या दिवशी लाल, दाट. मधोमध रबरी नाव बसलेली, आणि गुडघाभर गाळात उभा राहून एक उंच गडी तिला ढकलतोय.

"नदी त्या अंगाला आहे!" ती काठावरून ओरडली.

त्यानं मान वर केली. "ही नदी आहे होय? मला वाटलं, कुणी मक्याची पेज सांडलीय."

"मग बस ढवळत! वल्हं कुठंय तुझं?"

"एक गेलं वाहत... हसून झालं असेल तर हात लाव की जरा!"

तिनं विजार वर खोचली आणि शिरली पाण्यात. दोघांनी मिळून रेटा दिला तशी नाव सुटली, अन् हा पठ्ठ्या तोंडावर आपटला. उठला तो पापण्यांपासून हनुवटीपर्यंत लाल... नुसते दात पांढरे. ती इतकी हसली, इतकी हसली, की विचारायचं तेच विसरली.

आम्हा दिने आदिवासी लोकांत माणूस भेटला की नाव मागून, आधी कूळ. आईचं कोणतं, बापाचं कोणतं. कूळ एक निघालं की तो भाऊ झाला. मग कितीही देखणा असो, पाणी पाजायचं आणि वाटेला लावायचं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्यानं नाव सांगितलं, हार्लन बित्सुई, चिनलीचा, आणि पुढे काही बोलणार तोच हिनं घाईनं विचारलं, "माझ्या सहलीची नाव चालवशील?"

सहलीची गोष्ट अशी. नदीपलीकडच्या गावात सहली काढणारा एक गोरा होता. त्याच्याकडे ती गेली होती काम मागायला. म्हणाली, आमच्या कड्यावरून खाली उतरणारी वाट मी दाखवते. तो म्हणाला, "पोरी, बेत आम्ही आखतो. तू मटणाचा रस्सा रांध, तुमची ती तळलेली रोटी कर. लोकांना आवडते."

"रस्सा मी माझ्या सहलीत रांधीन," ती म्हणाली, आणि दार आपटून निघून आली. माणसं पलीकडची, नावा पलीकडच्या, आणि वाट मात्र आमच्या पायांनी पाडलेली! नाही जमायचं.

मग सगळा उन्हाळा दोघांनी बेत आखला. काडीनं, ओल्या वाळूवर. इथं सावली सकाळी, इथं दुपारनंतर. या खडकाखाली पाण्याचे डबे आधीच आणून लपवायचे. दुपार कलली की वारा उलटा सुटतो, नाव मागं लोटतो, म्हणून मुक्काम त्याआधी गाठायचा. लांब डोंगरावर काळं दिसलं तर ओढ्याच्या घळीत पाऊल नाही, वरच्या कपारीनंच जायचं. आमचा पुरुषी पाऊस, तो धो धो कोसळणारा, पडतो एकीकडे आणि लोंढा येतो भलतीकडे. आठवडाभरात वारा सगळं पुसून टाकायचा. मग पुन्हा भेटायचं, पुन्हा काढायचं. वारा आला की दोघांचेही चेहरे फुलायचे.

"आणि ती पेटी?" एकदा तो म्हणाला.

"कसली?"

"लोकांचा मळ. नदीकाठी टाकायचा नाही, पेटीत भरून परत न्यायचा. ती कोण उचलणार?"

तिनं काडी वाळूत खुपसली. "ज्याला मी आवडते तो."

त्यानं ती काडी उपटून तिच्या हातात दिली. मग हळूच म्हणाला, "जड असते ती... पण उचलीन."

तिचे कान तापले. तिनं ओठ दाताखाली धरला. कूळ विचारायची हीच वेळ होती. पण विचारलं आणि मिठाचं कूळ निघालं तर? तिचं तेच होतं. नाही विचारायचं. उद्या विचारू... परवा.

त्यानंच तिला वल्ही धरायला शिकवली. "बेत तुझा, तर नावही तूच चालव. मी मागं बसून नावं ठेवीन."

पण मेंढ्यांची वाट अर्लिंडाच्या आईच्या जमिनीतून जायची. जमीन आमच्यात बाईची. आणि आई, ग्लॅडिस तोहानी, म्हणजे साधी बाई नव्हे. तिच्या फाटकातून वाराही विचारून जायचा.

"कोणाचा आहे तो?" आई म्हणाली.

"चिनलीचा."

"गाव नाही विचारलं मी. कोणत्या कुळाचा?"

अर्लिंडा पीठ मळत राहिली.

"विचारलंच नाहीस!" ग्लॅडिसनं कपाळावर हात मारला. "मेंढी घेताना दात बघतेस, आणि हा एवढा बाप्या न बघता? आधी त्याचं कूळ माझ्या कानावर घाल. तोवर त्याच्या नावेची गिऱ्हाइकं माझ्या फाटकातून जाणार नाहीत. तूही नाहीस!"

"मी जाणार, आई. उद्या आम्ही वाट तपासून बघणार आहोत. फाटक बंद असलं तर वरून उडी मारीन."

"मार!"

मारली. सकाळी फाटकावरून उडी मारून ती खाली उतरली. हार्लन नाव बांधत होता. दोघांनी डबे लपवले, सावली बघितली. आणि मग वरून खडे घरंगळले.

ग्लॅडिस! मखमली चोळी, पायघोळ घागरा, हातात छत्री. तो उभा कडा उतरून येत होती. धापा टाकतानाही तोंड चालूच होतं.

"ए नावाड्या! थांब तिथंच! कूळ सांग आधी!"

हार्लननं एकदा वर बघितलं... आणि झटकन पाठ फिरवली. टोपी नाकापर्यंत ओढली, आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून उभा राहिला, खांबासारखा.

अर्लिंडाला वाटलं, संपलं. याला कळलंय. कूळ एकच आहे, म्हणून तोंड दाखवायची लाज वाटतेय.

"हा काय उद्धटपणा!" आई वाळूवर पोचली. "म्हातारी बाई एवढं उतरून आली, आणि हा पाठ दाखवतो? बोलत का नाहीस रे? माझ्याकडे बघायला तुला..."

आणि थांबली. छत्री हळूहळू खाली आली.

"माझा बाप असाच उभा राहायचा," ती एकदम हलक्या आवाजात म्हणाली. "आजी आली की."

सासूला आमच्या जुन्या बोलीत म्हणतात, जिच्याकडे बघायचं नाही ती. जावयाची नजर सासूवर पडली तर डोळे जातात म्हणे. हल्ली कोण पाळतं! आमची पोरं सासूसोबत टीव्ही बघत जेवतात.

अर्लिंडा पाण्यात शिरली, त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "हार्लन... तुझं कूळ?"

टोपीखालून आवाज आला, "चिखलाचं."

"चि... म्हणून तू त्या दिवशी..."

"रक्ताची ओढ. बापाचं कडू पाण्याचं. तुमच्यात कुठंच लागत नाही, बापाकडूनही नाही. मी विचारलंय."

"कुणाला?"

"दुकानातल्या मावशीला. सगळ्यांची कुळं तिला पाठ. वाळूतून निघालो, त्याच संध्याकाळी."

"आणि सगळा उन्हाळा मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारायचं टाळताना इतकी गोड दिसायचीस..."

तिनं ओंजळभर लाल पाणी त्याच्या तोंडावर मारलं. तो हसला, पण मागं वळला नाही. तेवढ्यात मागून हुकूम आला, "त्याला सांग, चिखलवाले आळशी असतात."

"आई, तो तीन पावलांवर आहे! ऐकतोय."

"मी त्याच्याशी बोलत नाहीये. सांग त्याला."

"म्हणते, चिखलवाले आळशी."

"त्यांना सांग," हार्लन पलीकडच्या काठाला म्हणाला, "पेटी मी उचलतो."

"कसली पेटी?" ग्लॅडिसनं विचारलं. अर्लिंडानं सांगितलं. म्हातारीनं छत्री वाळूत रोवली. मग म्हणाली, "...माझ्या नवऱ्यानं कधी ताट उचललं नाही."

ऊन माथ्यावर आलं. कडा तव्यासारखा तापला; परत चढणं म्हातारीच्या आवाक्यातलं नव्हतं. उरली ती नाव. जन्मभर ज्या पाण्यात पाऊल घातलं नाही, त्यात शिरून ग्लॅडिस तोहानी घागरा सावरत नावेत चढली, आणि पुढच्या टोकाला बसली, नाक पुढं करून. मागच्या टोकाला हार्लन, मागं वाहत जाणाऱ्या पाण्याकडे तोंड करून. दोघांच्या मध्ये, वल्ह्यांवर, अर्लिंडा.

पहिल्या खळाळात नाव उसळली. पाणी ग्लॅडिसच्या मांडीवर आलं.

"पडलो तर त्याला सांग, मला डोळे मिटून वाचवायचं!"

"पडणार नाही, आई. नाव मी चालवतेय."

"तेच तर म्हणते!" आई ओरडली. पण हसली. पाठमोरी असली तरी खांदे हलताना दिसलेच.

पहिली सहल निघाली त्या सकाळी हार्लन गिऱ्हाइकांना घेऊन फाटकाशी आला. अर्लिंडा तिथं उभी होती, पाण्याच्या बाटल्या घेऊन. फाटक सताड उघडं होतं, आणि घरामागून टिण टिण आवाज येत होता. त्यानं चटकन टोपी खाली ओढली.

"बोकडाची घंटा?" त्यानं विचारलं.

"बोकडाची होती," अर्लिंडा म्हणाली. "आता आईनं कमरेला बांधलीय. जावयाला पाठ फिरवायला वेळ मिळावा म्हणून."