बिननावाचं पीठ

नांदेडच्या त्या कचेरीतून भागवत बाहेर पडला तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं, चपलेला रस्ता चिकटत होता. आतल्या साहेबानं पंख्याखाली बसून पुन्हा तेच सांगितलं होतं, "चौकशी चालू आहे, वर कळवलंय." वर म्हणजे कुठं, हे विचारायचं भागवतनं केव्हाच सोडून दिलं होतं. जिल्ह्याच्या वर मुंबई, मुंबईच्या वर दिल्ली, आणि दिल्लीच्या वर बहुतेक देव. त्याचीही चौकशी चालूच असणार.

भोकरच्या गाडीत खिडकीशी बसून तो गावाकडे निघाला. भोकरच्याच एका शाळेत तो विज्ञान शिकवायचा. सुट्ट्या लागल्या होत्या आणि बायको पुनम बाळंतपणाला माहेरी औशाला गेली होती, म्हणून महिनाभर तो गावी आईजवळ राहायला आला होता. सुट्टी कसली, रोज कुठल्यातरी दारात उभं राहायचं आणि संध्याकाळी हात हलवत परतायचं.

त्याचा धाकटा भाऊ आदर्श गेल्या वर्षी परदेशी गेला होता. फौजेच्या स्वयंपाकघरात हेल्परचं काम आहे, बटाटे सोलायचे आणि भांडी घासायची, असं एजंटानं सांगितलं होतं. पुढं फोटो आला तो गणवेशातला. हातात बंदूक, मागं गुडघाभर बर्फ, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू यात्रेत फोटो काढायला उभा आहे. दोन शेजारी देशांचं भांडण, त्यात भोकर तालुक्यातल्या पोराचं काय काम, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग फोन बंद पडला. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला त्याच्यासोबतच्या एका पंजाबी पोराचा फोन आला, "भैया, आदर्श नहीं रहा." बस, एवढंच. प्रेत नाही, तारीख नाही, कुठं गेला त्या जागेचं नावसुद्धा नाही.

त्या दिवसापासून आईचं, केवळाबाईचं, जेवण तुटलं. ती रडली नाही, कुंकू पुसलेल्या कपाळावर हात मारून बसली नाही. चहात भाकरीचा तुकडा बुडवायची आणि तो विरघळेपर्यंत बघत राहायची. पोरगं जिवंत आहे म्हणायची, आणि भागवत कचेरीला निघाला की मागून हाक मारून सांगायची, "सायबाला नीट सांग बापा, उजव्या पायाला करंगळी न्हाई त्याच्या. वखराची लोखंडी पास लागली व्हती. दुसऱ्याचं लेकरू आपल्याला द्यायचे न्हाईतर." करंगळीची ही गोष्ट भागवतनं इतक्या टेबलांपुढं सांगितली होती की आता ती सांगताना त्याला स्वतःचाच राग यायचा.

त्या संध्याकाळी तिनं त्याचा चेहरा बघितला. तांब्यात पाणी दिलं आणि म्हणाली, "पीठ टाकू आज."

त्यांच्याकडे घरातलं माणूस गेलं की जीव गेलेल्या जागी ज्वारीचं पीठ पसरतात. शेजारी दिवा ठेवतात, गेलेल्याचं नाव घेऊन पिठावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून सगळे वाकून बघतात. पाखराचं पाऊल, गाईचा खूर, जे दिसेल त्या जन्माला माणूस गेला असं समजतात. वडील श्रीमंतराव गेले तेव्हा भागवतनंही बघितलं होतं. त्याला तर झुरळाची वाट दिसली होती, पण सगळे चिमणी म्हणाले म्हणून तोही चिमणी म्हणाला.

आता त्यानं मनात हिशेब केला. काहीतरी ओरखडा दिसेलच. बघ माय, पाखरू झाला, असं म्हणू. ती एकदाची रडेल आणि मग जेवेल.

जागेचा प्रश्न होता. आदर्शचा जीव या घरात गेलाच नव्हता. शेवटी समोरच्या खोलीत त्याची बाज असायची तिथं, दारापासून चार हातांवर, केवळाबाईनं फरशी पुसली आणि पीठ पसरलं. टोपली उचलली, तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाव घे की माय."

"न्हाई घेणार. नाव घेतलं म्हंजी गेला म्हणून कबूल केलं मी. तसंच झाकते."

आणि तिनं तसंच झाकलं.

सकाळी भागवतनं टोपली उचलली. पिठात बुटाचा ठसा होता. टाचेपासून अर्ध्या तळव्यापर्यंत, जाड रेघांचा, खोल. त्यानं आधी दाराची कडी बघितली. आतून लावलेली होती. खिडकीला गज होते. टोपली जशीच्या तशी होती आणि तिच्याखाली पाय जायला जागा नव्हती. कुणीतरी चेष्टा केली असणार, असं त्यानं ठरवलं आणि पिठाला बोट लावलं. पीठ फ्रीजमधून काढल्यासारखं गार होतं. बाहेर सकाळीच पत्रे तापायला लागले होते.

केवळाबाई वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड आला.

"हे न्हाई आपलं लेकरू," ती म्हणाली.

"माय, बूट आहे तो. बुटातली करंगळी तुला दिसणार कशी?"

"माझं लेकरू बूट घालून घरात येईल व्हय?"

विज्ञानाच्या शिक्षकानं टोपली भिंतीशी आदळून ठेवली. तो चिडून अंगणात जाऊन बसला.

संध्याकाळी तिनं पुन्हा पीठ टाकलं, पुन्हा नाव न घेता. दुसऱ्या सकाळी ठशावर ठसे होते, इतके की पीठ तुडवल्यासारखं झालं होतं. आता मात्र भागवतनं शेजारच्या सिद्रामप्पांना बोलावलं. अप्पा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. बुटांचं त्यांना कळतं, आणि कुणी पोरांनी कुठले बूट आणून खेळ मांडला असेल तर तेच ओळखतील, असा भागवतचा विचार होता.

अप्पा गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. ठसे एकेक करून बघत गेले.

"आपल्या पलटनीचे न्हाईत. आन एका पलटनीचेबी न्हाईत," ते म्हणाले. "हे बघ, ह्या रेघा येगळ्या, ह्या येगळ्या. दोन फौजा हायत. समोरासमोर हुब्या हायत."

त्यांनी बोट पुढं केलं, पिठाला लागताच मागं घेतलं आणि धोतराला पुसलं.

"झाकताना नाव कुणाचं घेतलं वैनी?"

"कुणाचंच न्हाई."

"बिननावाचं पीठ टाकत असतेत व्हय? कुणीबी येतंय मंग." अप्पा एवढंच बोलले आणि उठले. चहा टाकलेला होता, तो न घेताच गेले.

त्याच संध्याकाळी गावात शोकसभा होती. सरपंच शिवप्रसादनं मारुतीच्या देवळापुढं मंडप घालून बॅनर लावला होता. बॅनरवर आदर्शचा तोच हसरा फोटो, शेजारी बिलोलीकडच्या आणखी एका पोराचा, तोही तिकडंच गेलेला. दोघांच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात 'शहीद'. भागवतला कुणी विचारलं नव्हतं. घरात आई नाव घेत नाही आणि इथं फुलं वाहून झाली होती.

शिवप्रसादनं माईक ठोकून बघितला. "ही परदेशातली लढाई ताबडतोब बंद करावी, असा ठराव आपलं गाव घेऊन राहिलंय."

"पाठवायचा कुठं ठराव?" मागून कुणीतरी विचारलं.

"वर पाठवू."

वर हा शब्द ऐकून भागवतच्या डोक्यात तिडीक गेली.

"बंद कायला करायची?" पुढचा एक जण उठला. "आपल्या पोराला मारणाऱ्यायला तसंच सोडायचं? जिंकल्याबिगर थांबलं तर ह्यो मेला कशापायी?"

"जिंकायचं कुणी?" भागवत ओरडला. "आदर्श कोणत्या बाजूनं होता ते तरी ठाऊक हाय का तुमाला?"

मंडपातल्या माना एकमेकांकडे वळल्या. मग एकानं एका देशाचं नाव घेतलं, दुसऱ्यानं दुसऱ्याचं, आणि त्यावरूनच दोघांची जुंपली. भागवत कपाळाला हात लावून बसला. ज्या गावातून पोरगं गेलं त्या गावाला ते कुणासाठी लढलं हे माहीत नाही, आणि लढाई चालू ठेवायची की थांबवायची यावर मात्र प्रत्येकाचं मत तयार.

सिद्रामप्पा काठी टेकत उभे राहिले. "मी लंकेत गेलतो फौजेसंगं. तीबी दुसऱ्याचीच लढाई. माझ्या बाजूची दोन पोरं तिथंच ऱ्हायली. कशापायी ऱ्हायली ते मला आजतक कुणी सांगितलं न्हाई. ठराव घ्या. पोचो न पोचो. थांबवा म्हणणारं कुणीतरी पायजे, त्याबिगर ती पोरं घरी कशी जातील?"

कोणती पोरं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. शिवप्रसाद शेजाऱ्याशी कुजबुजला आणि त्यानं गणपूर्ती होत नसल्यानं ठराव पुढच्या सभेत घेऊ म्हणून जाहीर करून टाकलं. मग वेशीवर आदर्शच्या नावानं कमान उभारायची घोषणा झाली. तिला गणपूर्ती लागली नाही.

"आता दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

सगळे उभे राहिले. दिवसभर तापलेली जमीन अजून वाफा टाकत होती. पण मौन सुरू झालं तशी मंडपाच्या एका बाजूनं गार झुळूक आली आणि थांबली नाही. भागवतच्या हातावर काटा उभा राहिला. त्यानं मान वर केली. माईकपुढं डोळे मिटून उभ्या असलेल्या शिवप्रसादच्या तोंडातून वाफ निघत होती. थंडीत निघते तशी, पांढरी. शेजारच्याच्या तोंडातूनही.

मे महिना होता.

सगळ्यांनी ते बघितलं असणार, कारण मौन संपल्यावर चहालासुद्धा कुणी थांबलं नाही. चपला शोधत माणसं लगबगीनं घरी गेली.

भागवत घरी आला तेव्हा केवळाबाई चुलीपुढं होती. पीठ पसरून ठेवलेलं होतं, टोपली बाजूला होती. त्याचं डोकं भणभणत होतं. साहेब सांगत नाही, सरकार सांगत नाही, गाव सांगत नाही, आई ऐकत नाही. एकदाचं कुणीतरी हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यानं टोपली उचलली, खाली वाकला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "आदर्श."

टोपली घातली, दाराला कडी लावली आणि आडवा झाला.

फटफटताना त्याला जाग आली. खोली गार पडली होती. दिवा विझला होता.

त्यानं टोपली उचलली.

बूट नव्हता.

अनवाणी पाऊल होतं. उजवं. टाच दाराकडे, बोटं घराकडे.

चार बोटं.

करंगळीच्या जागी पीठ सपाट होतं.

भागवत खालीच बसला. इतके दिवस हेच उत्तर तो दारोदार मागत होता. आणि आत्ता, ते समोर असताना, त्याला कळलं की आपल्याला हे उत्तर नकोच होतं. कुठल्यातरी टेबलामागचा माणूस उठेल आणि तुमचा भाऊ जिवंत आहे म्हणेल, म्हणून तो इतका फिरला होता. आईपेक्षा जास्त तोच वाट बघत होता.

मग त्यानं पिठावरून तळहात फिरवला. पाऊल पुसलं. तळहात बधिर झाला.

"आला का?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"न्हाई, माय. कुणीच न्हाई आलं आज."

तिनं त्याच्या पिठानं माखलेल्या हाताकडं बघितलं. वळून चुलीपुढं बसली आणि भाकरी थापायला लागली.

तिच्यापुढं दोन ताटं होती. दोन्ही जेवून झालेली. पलीकडच्या ताटात ठेचा बोटानं निपटून घेतला होता, आदर्श घ्यायचा तसा. शेजारी भाकरींची चळत लागली होती, घरात एवढी माणसंच नव्हती.

पाठीला गार वारं लागलं म्हणून भागवतनं वळून बघितलं. समोरचं दार उघडं होतं. तो लावायला उठला.

"दार लावू नको बापा," केवळाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "बाकीची पोरं बूट काढून राहिलीत."

बाहेर ओसरीच्या फरशीवर काहीतरी जड, हळूच, कुणाची झोप मोडू नये असं ठेवल्याचा आवाज झाला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग आणखी एक.