बुर्गीच्या थडग्यावरचा दिवा

दिवेलागणीच्या आधी योर्ग पिंपवाला घरातून निघाला, तेव्हा कोटाखाली त्याने मातीचा दिवा लपवला होता. चरबीचा, जाड वातीचा. काम साधं होतं. टेकडीवर कॅथलिकांचं स्मशान, तिथे बायकोच्या थडग्यावर दिवा लावायचा आणि परत यायचं. पण योर्ग पडला लुथरवाला, पोपला न मानणारा. मेलेल्यांसाठी दिवा लावणं त्याच्या लोकांत पाप. कुणी पाहिलं असतं तर पंचांनी रविवारी सगळ्यांसमोर उभं करून झाडला असता. पण करतो काय, शब्द दिला होता.

बुर्गी जन्माची कॅथलिक आणि हट्टी. आयुष्य एका घरात काढलं, पण एकाने दुसऱ्याचा पंथ घेतला नाही. त्या गावात अशी घरं होती. भांडत होती आणि नांदत होती. त्यात पोपने पंचांगातले दहा दिवस गाळून तारीख पुढे नेली. कॅथलिकांनी ते घेतलं. लुथरवाले म्हणाले, आम्हाला जुनंच बरं. झालं, एका घरात दोन नाताळ, तिचा दहा दिवस आधी, याचा नंतर. तिच्या नाताळाला योर्ग कुरकुरायचा आणि हंस खायचा. याच्या नाताळाला ती कुरकुरायची आणि हंस रांधायची.

उन्हाळ्यात ती गेली. जाताना म्हणाली, "प्रार्थना करू नकोस, तुला ती जमायची नाही. मृतांच्या सणाला एक दिवा तेवढा लाव. त्या संध्याकाळी आम्हाला घरी सोडतात. दिवा नसला की परतीची वाट दिसत नाही."

मेलेलं माणूस कुठे येतं-जातं, असं म्हणून योर्गने तिला वेड्यात काढलं. आणि मग हो म्हणाला.

टेकडीवर धुकं होतं. योर्गला वाटलं होतं गर्दी असेल, बायका असतील, त्यांच्या आडून काम उरकू. तिथे चिटपाखरू नव्हतं. थडग्यांवर रिकाम्या पणत्या, काळ्या वाती, उंदरांनी कुरतडलेली चरबी. थंड पडलेल्या धुराचा वास. खड्डे खणणारा गालुस तेवढा पणत्या टोपलीत गोळा करत होता.

"काय पिंपवाल्या, वाट चुकलास?"

योर्गने दिवा दाखवला. गालुस हसणार होता, पण हसला नाही. सण होऊन दहा दिवस झाले होते.

योर्ग मटकन खाली बसला. आज आमचा अमका सण, आज मांस नको, असं सगळं बुर्गीच सांगायची. सांगणारी गेली आणि हा शहाणा भिंतीवरचं आपलं पंचांग बघून आला.

"त्या संध्याकाळी सगळीकडे उजेड होता," गालुस आवाज उतरवून म्हणाला. "तुझीच तेवढी अंधारात. मी लावणार होतो... म्हटलं, नवऱ्याचा मान आहे. तेव्हापासून इथे काही नाही, योर्ग."

"काही नाही म्हणजे?"

"मी रोज असतो इथे. प्रत्येकाची चाहूल मला कळते. तिची नाही... ती परतलीच नाही."

योर्गच्या मनात आलं, बुर्गी जाईल कुठे? तिला वाट माहीत ती एका घराची. गेले आठ-दहा दिवस सकाळी बिछान्याची दुसरी बाजू उबदार लागत होती. त्याने मांजराला शिव्या दिल्या होत्या. दिवा लावला तर ती जाणार. हात आखडला. पण तिला असं अडकवून ठेवायचं कसं, आणि शब्द तो शब्द.

त्याने चकमक झाडली. "बुर्गे, माझ्या पंचांगाने आजच आहे. समजून घे."

वात पेटली आणि विझली. वारा नव्हता. पुन्हा पेटवली. या वेळी कानाजवळून फुंकर आल्यासारखी वाटली. गालुसने छातीवर क्रूस काढला आणि टोपली टाकून तो उताराला लागला.

योर्गला भीती वाटली नाही, राग आला. "माझ्या पंचांगाचा दिवा नको तुला? मेलीस तरी हट्ट गेला नाही. बरं... चल घरी."

विझलेला दिवा तिथेच ठेवून तो निघाला. मागे वळून पाहिलं नाही. हळू चालला, तिचे गुडघे दुखायचे.

निघताना दार त्याने नुसतं ओढून घेतलं होतं. आता ते ढकलून उघडेना. आतून कडी होती. माझ्या आधी पोचली, बया, असं म्हणत तो गालात हसला आणि हलकेच दार वाजवलं. आत चपला घासत कुणी येऊ लागलं.

सहज त्याने टेकडीकडे पाहिलं. धुकं तेवढ्यापुरतं फाटलं होतं. बुर्गीच्या थडग्यावर दिवा शांत जळत होता, आणि ज्योतीला हाताचा आडोसा करून एक वाकलेली म्हातारी त्याच्याकडे बघत नको, नको अशी मान हलवत होती.

आतून कडी निघाली.